पाळीव प्राण्यासह पणजीत भाड्याचे घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी आणि आसपासच्या भागांत कुत्रा किंवा मांजर घेऊन भाड्याने राहू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी स्वतः एका गावठी कुत्रीसह या शहरात तीन घरे बदलली आहेत. त्यामुळे नियमांच्या जोडीला काही ठिकाणी माझे मतही आले आहे.

घर शोधायला कधी सुरुवात करावी?

किमान दोन महिने आधी. पर्यटनाच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, किनारपट्टीवरचे अनेक फ्लॅट दिवसाच्या भावाने पाहुण्यांना दिले जातात आणि डिसेंबरच्या सुमारास तर वर्षभराचा भाडेकरू ठेवण्यात मालकाला काहीच रस नसतो. पावसाच्या तोंडी हेच मालक अकरा महिन्यांच्या कराराला तयार होतात. मात्र हंगाम आला की घर रिकामे करावे लागेल का, हे तेव्हाच विचारून घ्यावे. एकटा माणूस नोव्हेंबरात आठवडाभरात दुसरी खोली शोधू शकतो, कुत्रा असलेल्याला तेवढ्यात होकार मिळत नाही.

भर पावसात घर पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. ओल कोणत्या भिंतीला येते, जिन्यात पाणी कुठे साचते, हे जुलैमध्ये उघड दिसते. ओलसर घरात कुत्र्याच्या कातडीला बुरशी धरते आणि तिचा उपचार महिनोन्महिने चालतो. मे महिन्यात नव्याने रंगवलेल्या भिंतीवरून यातले काहीच कळत नाही.

पणजीत कोणता भाग सोयीचा?

हे प्राण्यावर अवलंबून आहे. आल्तिनोच्या टेकडीवर झाडी आहे, वाहने तुलनेने कमी आहेत आणि सकाळच्या फेरीसाठी याहून चांगला रस्ता शहरात सापडणे कठीण. पण तेथे भाड्याने मिळणारे फ्लॅट थोडे, त्यामुळे बोर्ड पाहत हिंडण्यापेक्षा ओळखीतूनच काम होते. मळा आणि फोंताइन्यास येथील जुनी घरे पाहताक्षणी मनात भरतात. मात्र त्यांच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असतात, लाकडी जिन्यावर नखांचा आवाज खालच्या खोलीत स्पष्ट ऐकू जातो आणि दार उघडले की थेट रस्ता लागतो. अंगणाची सवय असलेल्या कुत्र्याला तेथे कोंडल्यासारखे होईल; वयस्क मांजराला मात्र खिडकीतला कोनाडा पुरतो.

मिरामार आणि करंझाळे येथे समुद्रकिनारा हाकेच्या अंतरावर आहे म्हणून पुष्कळजण तिकडे धाव घेतात. किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात व त्या आपली हद्द सांभाळतात, ही गोष्ट मात्र घर घेतल्यानंतर लक्षात येते. बुजऱ्या कुत्र्यासाठी मी किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आतली इमारत निवडीन. ताळगावात नव्या इमारती बऱ्याच आहेत, अजून शेते शिल्लक आहेत आणि शहराला ते चिकटून आहे; ते पंचायत क्षेत्र असल्याने कुत्र्याच्या नोंदणीची चौकशी पणजी महानगरपालिकेऐवजी पंचायतीत करावी लागते. सांत इनेजला दुकाने, दवाखाने सगळे जवळ असले तरी रहदारी अखंड चालू असते.

मांडवीपलीकडे पर्वरीत कुंपणाची मोठी संकुले आहेत. तेथे फिरायला आवार मिळते, पण सोसायटीची नियमावलीही तितकीच जाडजूड असते. महामार्गाला लागून असलेली इमारत शक्यतो टाळावी. फोंडा, मडगाव किंवा म्हापसा येथे शोधणाऱ्यांनाही पुढची बहुतेक उत्तरे तशीच लागू पडतील.

जाहिरातीत प्राण्यांचा उल्लेखच नसेल तर फोन करावा का?

अवश्य करावा. बहुतेक मालकांनी या गोष्टीचा विचारच केलेला नसतो. 'चालणार नाही' असे लिहिलेले नाही, याचा अर्थ अजून कोणी विचारलेले नाही एवढाच. एजंटमार्फत जात असाल तर पहिल्याच वाक्यात प्राण्याचा उल्लेख करावा, म्हणजे नकार देणाऱ्या दहा घरांच्या फेऱ्या वाचतात. एजंटचे कमिशन बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतके असते आणि त्याला ते चावी हाती पडल्यावर मिळते, त्यामुळे 'आधी राहायला या, कुत्र्याचे नंतर सांगू' हा सल्ला त्याच्या सोयीचा असतो, तुमच्या नव्हे.

मी एकदा हा सल्ला मानला होता. तिसऱ्या दिवशी मालकांचे धाकटे भाऊ मीटरचा आकडा घ्यायला आले, कुत्रीने त्यांना दारातच अडवले, आणि महिनाअखेरीस मी पुन्हा घर शोधत होतो. मालक कुत्र्यांच्या विरोधात नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन होते. आपल्यापासून लपवले, याचा त्यांना राग आला होता आणि तो रास्त होता.

मालकांशी पहिल्यांदा बोलताना काय सांगावे?

आधी स्वतःविषयी, मग प्राण्याविषयी, आणि तेही त्यांनी विचारण्यापूर्वी. उदाहरणार्थ : 'काका, आम्ही घरात दोघे आहोत, मी पाटोला नोकरी करतो. आमच्याकडे पाच वर्षांची एक कुत्री आहे. तिचे ऑपरेशन झालेले आहे, लशी वेळेवर होतात, दिवसभर माझी पत्नी घरी असते. घर पाहायला येताना तिला घेऊन येऊ का, म्हणजे तुम्हीच पाहाल.' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कुत्रा म्हटल्यावर मालकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते प्रत्यक्ष प्राण्यापेक्षा नेहमीच मोठे असते. 'आमचे बाळ अजिबात भुंकत नाही' असली वाक्ये टाळावीत. त्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. दारावरची घंटा वाजली की भुंकते आणि मिनिटाभरात थांबते, हे खरे उत्तर अधिक पटते.

मालक परदेशात आहेत आणि चावी त्यांच्या नातेवाइकांकडे आहे. होकार कोणाचा घ्यावा?

गोव्यात ही परिस्थिती नेहमीची आहे. मालक आखातात, लंडनला किंवा लिस्बनला असतात. चावी मावशीकडे, आत्तेभावाकडे किंवा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे असते. मावशी मनाने मोकळ्या असतात, त्यांना कुत्रा आवडतोही, आणि त्या 'कसलीच हरकत नाही' असे सांगून चावी देतात. पुढे डिसेंबरात मालक सुट्टीवर येतात तेव्हा त्यांना कुत्र्याचा पत्ताच नसतो. म्हणून मावशींशी बोलणे झाले की मालकांना स्वतः व्हॉट्सॲपवर प्राण्याचा फोटो पाठवून लेखी होकार घ्यावा आणि करारावर मालकांच्या वतीने दुसरे कोणी सही करणार असेल तर त्यांच्याकडे मुखत्यारपत्र आहे का, हे पाहावे. यात मावशींचा अपमान नाही. उद्या बोल लागला तर तो त्यांनाच लागणार असतो.

सोसायटीला प्राणी पाळण्यास बंदी घालता येते का?

येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. भारतीय प्राणी कल्याण मंडळ ही 'प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६०' खालील वैधानिक संस्था असून तिने २०१५ मध्ये रहिवासी संघटना आणि गृहनिर्माण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार रहिवाशांनी बहुमताने ठराव केला तरी संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या आकारावरून किंवा तो भुंकतो एवढ्यावरून त्याला घालवता येत नाही, लिफ्टचा वापर नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत. बागेत प्राणी नेण्याच्या वेळा मात्र ठरवून देता येतात. त्याच सूचना प्राणी पाळणाऱ्यांनाही आवार स्वच्छ ठेवण्यास आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्यास सांगतात. हा भाग आपण सोयीने वाचत नाही.

परंतु या सूचना सोसायटीला उद्देशून आहेत. स्वतःचा फ्लॅट कोणाला भाड्याने द्यावा, हे ठरवण्याचा मालकाचा अधिकार त्यांनी जात नाही. त्यामुळे सोसायटीचे सचिव नको म्हणत असतील तर तुमच्याकडे बोलायला आधार आहे. मालकच नको म्हणत असतील तर नमस्कार करून पुढचे घर पाहावे. सचिवांकडे जायची वेळ आलीच, तर सूचनांची प्रत टेबलावर आपटण्यापूर्वी मालकांना सोबत न्यावे. सभासद ते आहेत, तुम्ही नाही.

गोव्यात अनेक इमारतींमध्ये वर्षे लोटली तरी सोसायटी स्थापनच झालेली नसते आणि देखभाल बिल्डर किंवा चार रहिवासी मिळून पाहतात. अशा ठिकाणी लेखी नियम नसतात, पण तळमजल्यावरच्या आजोबांचे मत चालते. घर नक्की करण्यापूर्वी त्यांना भेटून यावे.

करारात नेमके काय लिहून घ्यावे?

येथे बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. छापील मसुद्यात अनेकदा 'परवानाधारक जागेत पाळीव प्राणी ठेवणार नाही' असे एक कलम आधीच असते, आणि तोंडी होकार मिळाला म्हणून कोणी ते खोडत नाही. येथे परवानाधारक म्हणजे भाडेकरू, अर्थात तुम्ही. सही करण्यापूर्वी ते कलम शोधून काढून टाकून घ्यावे. नुसते कलम वगळणे पुरेसे नाही. त्या जागी पुढील आशयाचा मजकूर घालावा :

'परवानाधारकाकडे एक पाळीव कुत्री (गावठी, तपकिरी रंग, वय पाच वर्षे) असून ती सदर जागेत ठेवण्यास मालकांची संमती आहे. तिच्यामुळे दारे, भिंती अथवा फर्निचरचे नुकसान झाल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च पावतीनुसार परवानाधारक देईल. बाल्कनीला परवानाधारक स्वखर्चाने जाळी बसवील व जागा सोडताना ती काढून भिंत पूर्ववत करून देईल.'

प्राण्याचे वर्णन लिहिल्याने उद्या दुसरा प्राणी आणणार नाही ना, ही मालकांची शंका मिटते. पावतीनुसार हा शब्द तुमच्यासाठी आहे, कारण तो नसेल तर एका ओरखड्यासाठी संपूर्ण घराच्या रंगकामाचे बिल येऊ शकते. तक्रार आल्यास दोन्ही पक्षांनी काय करावे, याचीही एक ओळ असावी. मी स्वतः 'लेखी सूचना आणि तीस दिवसांची मुदत' असे लिहून घेतो.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे गोव्यात बंधनकारक आहे. तो अर्ज भरून त्याची पोच स्वतःजवळ ठेवावी. पुढे वाद झाला तर तुम्ही तेथे रीतसर राहता याचा तो पुरावा असतो.

प्राणी आहे म्हणून जास्त डिपॉझिट मागितले तर द्यावे का?

वाजवी असेल तर द्यावे, पण ते वेगळे लिहून घ्यावे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवलेली आहे. मात्र तो केवळ नमुना असून राज्याने स्वीकारल्याशिवाय कोणावर बंधनकारक होत नाही, हे बोलणी करताना लक्षात ठेवावे. दर महिन्याला 'कुत्र्याचे भाडे' म्हणून जादा रक्कम देण्यापेक्षा परत मिळणारी ठेव कधीही बरी.

प्राण्याची कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

एक पातळ फाईल करावी. तिच्यात लसीकरणाचे पुस्तक, नसबंदीचे प्रमाणपत्र, पालिका किंवा पंचायतीकडील नोंदणी, अलीकडचा फोटो आणि आधीच्या घरमालकांचे दोन ओळींचे पत्र असावे. यांतले शेवटचे सर्वांत वजनदार ठरते. रेबीजच्या लशीची तारीख उलटलेली नसावी. गोव्यात या विषयाकडे लोक गांभीर्याने पाहतात : राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून वर्षानुवर्षे राबवलेल्या लसीकरणानंतर २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला, आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या घरमालकांना हे ठाऊक असते. लस राहिली असेल तर पणजीतील टोंक येथील सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात जाऊन ती आधी घ्यावी, फोन नंतर करावेत.

कुत्र्याच्या जातीवरून नकार मिळतो का?

मिळतो, आणि दोन टोकांच्या कुत्र्यांना मिळतो. गावठी कुत्र्याला 'हा तर रस्त्यावरचा' म्हणून, आणि रॉटवायलर किंवा पिटबुलला भीतीपोटी. पहिल्याच्या बाबतीत प्रत्यक्ष भेट घडवणे हाच उपाय आहे. माझ्या कुत्रीला ज्या बाईंनी 'सुणे नाका' (कुत्रा नको) म्हणून दारातून परत पाठवले होते, त्याच पुढे तिला उकडलेली अंडी देऊ लागल्या. दुसऱ्यांबाबत परिस्थिती निराळी आहे. गोव्यात या दोन जातींवर बंदी घालण्याच्या दिशेने सरकारने पावले उचललेली असल्याने, असा कुत्रा सोबत असेल तर घर शोधण्यापूर्वी पशुसंवर्धन खात्याच्या पाटो येथील कार्यालयात सध्याच्या नियमांची चौकशी करावी.

मांजर असेल तर घर सहज मिळते, हे खरे का?

होकार सहज मिळतो, तक्रारी मात्र नंतर येतात. मांजर भुंकत नाही, पण ते कठडा ओलांडून शेजारच्या बाल्कनीत जाते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करण्याच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, गच्चीवर बांगडे आणि सुंगटे (कोळंबी) वाळत पडलेली असतात. अशा गच्चीवर भाडेकरूचे मांजर एकदा जरी दिसले तरी वर्षभराचे शेजारधर्म बुडालेच म्हणून समजावे. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी हवीच. डासांसाठी लावतात ती मऊ जाळी मांजर दोन दिवसांत फाडते. कबुतरांसाठी वापरतात ती जाड नायलॉनची जाळी टिकते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जाळी बसेपर्यंत खिडकी उघडू नये, कारण उंचावरून पडून जखमी झालेली मांजरे दवाखान्यात नेहमी येतात. कौलारू घरात वरच्या माळ्याची फट बुजवली आहे का, तेही पाहून घ्यावे.

पोपट, कासव किंवा मासे असतील तर?

भारतीय पोपट आणि तारा कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजोबांच्या काळापासून घरात पिंजरा होता, हे त्यावर उत्तर होत नाही. बजरीगारसारखे विदेशी छोटे पक्षी चालतात. माशांच्या टाकीला कोणी हरकत घेत नाही, फक्त शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो वजन, हे जुन्या लाकडी तक्तपोशीच्या घरात विसरू नये.

घर पाहायला गेल्यावर आणखी काय तपासावे?

लिफ्ट बंद पडल्यावर म्हातारा कुत्रा कितव्या मजल्यापर्यंत चढेल, याचा विचार आजच करावा. फरशी गुळगुळीत असेल तर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. चटईची सोय करावी लागते. फाटकातून बाहेर पडल्यावर पहिल्या शंभर पावलांत किती भटके कुत्रे आहेत, हे पाहण्यासाठी एक फेरी रात्री नऊनंतर मारावी, दुपारी ते सगळे झोपलेले असतात. विष्ठा कागदात उचलून घरी आणून शौचालयात सोडण्याची सवय असेल तर चौकीदारही तुमच्या बाजूने बोलतो.

आणि एक प्रश्न शेजाऱ्यांना हमखास विचारावा : येथे नरकासुर कुठे उभा राहतो? दिवाळीच्या आदल्या रात्री पणजीत नरकासुराच्या प्रतिमांसमोर पहाटेपर्यंत मोठमोठे ध्वनिवर्धक वाजतात, आणि मंडप खिडकीखाली असेल तर ती रात्र कुत्र्याला सहन होत नाही. माझी कुत्री एका वर्षी न्हाणीघरातील बादलीमागे सकाळपर्यंत थरथरत होती. पुढच्या वर्षी आम्ही त्या रात्रीपुरते फोंड्याला बहिणीकडे गेलो.

चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी जाताना प्राण्याचे काय करावे?

सोबत न्यावा किंवा आधीपासून कोणाकडे तरी ठेवण्याची व्यवस्था करावी. चवथीच्या दिवसांत अर्धे शहर आपापल्या मूळ घरी जाते, इमारत रिकामी होते, आणि 'शेजारी पाहतील' या भरवशावरच्या शेजाऱ्यांच्याही दाराला कुलूप असते. प्राणी सांभाळणाऱ्या जागा या काळात लवकर भरतात. जुलैत विचारलेले बरे.

शेजाऱ्यांनी तक्रार केली तर?

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जावे. कुत्रा कधी भुंकतो, हे तुम्हाला ठाऊक नसते, कारण तेव्हा तुम्ही घरी नसता. शेजाऱ्यांना वेळेसकट ठाऊक असते. बहुतेक वेळा कारण एकटेपणाचे निघते आणि सकाळची फेरी वीस मिनिटांनी वाढवून, दुपारी कोणाला तरी डोकावायला सांगून ते सुटते. इमारतीच्या दारात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरूनही भाडेकरूंविरुद्ध तक्रारी होतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार त्यासाठी जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर ठिकाण ठरवायचे असते. ते रहिवाशांशी बोलून ठरवावे, जिन्याखाली वाडगा ठेवून नव्हे.

मालकांनी मध्येच 'प्राणी काढा, नाहीतर घर सोडा' म्हटले तर?

करारात लेखी संमती असेल तर ती दाखवून कारण लेखी मागावे आणि मुदतीवर ठाम राहावे. संमती नसेल तर बाजू कमकुवत आहे. भांडणात महिना घालवण्यापेक्षा तोच महिना नवे घर शोधण्यात लावावा. कोणत्याही परिस्थितीत प्राण्याला रस्त्यावर किंवा बाजाराच्या कोपऱ्यावर सोडू नये. १९६० च्या कायद्यातील कलम ११ प्रमाणे भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हा आकडा वाचून हसू येते. पण घरात वाढलेले कुत्रे म्हापशाच्या बाजारात किती दिवस तग धरेल, याचा हिशेब त्या दंडात नाही.

घर सोडताना काय करावे?

राहायला आलेल्या दिवशी प्रत्येक दार, खिडकी आणि भिंतीचे तारखेसह फोटो काढलेले असावेत; तेच आता उपयोगी पडतात. नखांचे ओरखडे बहुधा मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर असतात. सुताराकडून पॉलिश करून घेणे मालकांच्या बिलापेक्षा स्वस्त पडते. गाद्या हलवून केस काढावेत, गोचिडीसाठी एकदा फवारणी करून पावती ठेवावी, जाळीचे खिळे काढून भोके बुजवावीत. मग चावी देताना, डिपॉझिटचा हिशेब झाल्यावर, कुत्र्याने घराला त्रास दिला नाही अशा दोन ओळी मालकांकडून तारीख घालून लिहून घ्याव्यात. पुढच्या घराची फाईल त्या कागदापासून सुरू होते.